हातभर वर गेलेला दगड

धान कापून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यात, आडवं पडलं की त्याला एक वास येतो. दोन दिवसांच्या उन्हानं पेंढा तापलेला असतो आणि खाली जमीन अजून ओली असते, त्या दोहोंमधला तो वास. तो आला की मी असेन तिथं अठरा वर्षांचा होतो. घरच्यांना आता याची सवय झाली आहे. मार्गशीर्षात म्हातारा जरा वेगळा वागतो, असं सूनबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं आहे, आणि त्यात खोटं काही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मुक्ताला, माझ्या नातीला, गडचिरोलीच्या स्टँडवर सोडायला गेलो. पोरगी बारावी झाली, गुण चांगले पडले, पण कॉलेजात जायच्या आधी एक वर्ष ती काम करणार आहे. वरोऱ्याजवळ जमीन मोजणारी एक कंपनी आहे. ती अशा दहा-बारा मुलामुलींना वर्षभर कामावर घेते आणि वर्षाच्या शेवटी ज्यांचं काम चांगलं, त्यांच्या इंजिनीअरिंगच्या शिक्षणाचा भार उचलते. याला गॅप इयर म्हणतात, हे मला मुक्तानंच शिकवलं. सूनबाई मात्र स्टँडवरही तेच तेच बोलत होती, "वर्ष वाया जाऊन राह्यलं पोरीचं, बाबा. सोबतच्या पोरी पुढी गेल्या." मी मुक्ताची पिशवी खिडकीतून आत दिली. बस निघाली, मी रस्त्याकडेच्या बांध्यांकडे पाहिलं, कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या, आणि वास आला.

माझंही एक वर्ष असंच वाया गेलं होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर, मासेमार. मार्कंड्याचं देऊळ पलीकडे दिसायचं आणि बाबांचा डोंगा अलीकडे बांधलेला असायचा. मासोळी, उन्हाळ्यात वाळूतली टरबुजं, शिवरात्रीच्या जत्रेत लोकांना नदीपार नेणं, यावर आमचं घर चाले. त्या घरातून मी मॅट्रिक झालो होतो, गणितात पैकीच्या पैकी घेऊन, आणि पुढे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरला इंजिनीअरिंग शिकवतात एवढं कानावर होतं. पण नागपूर आमच्यासाठी चंद्राइतकंच जवळ होतं.

त्याच सुमारास पाटबंधाऱ्याच्या कामांना जोर आला. नद्या, तलाव, जंगल, सगळ्यांची चढउतार मोजायची होती आणि मोजणारी माणसं कमी होती. तेव्हा कुणातरी भल्या माणसाच्या डोक्यातून एक योजना निघाली. मॅट्रिक झालेल्या, गणित बरं असलेल्या पोरांना एक हंगाम मोजणीच्या पार्टीबरोबर जंगलात न्यायचं. दिवाळीनंतर निघायचं, मोहफूल संपेपर्यंत काम करायचं. हंगामाच्या शेवटी मोठे साहेब वही तपासतील. त्यांनी चांगलं लिहिलं तर नागपूरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती. नाही लिहिलं तर घर आणि डोंगा.

गावातल्या मास्तरांनी मान हलवली. म्हणाले, वर्षभर जंगलात राहून हा पोरगा शिकलेलं विसरेल. बाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वर्ष कुठी जाते, गुरुजी? नदी इथीच हाये, मी बी इथीच हाओ. जाऊ द्या त्याले, पाहून येईल." मला म्हणाले, "जाय. पर साहेबाची वस्तू पाण्यात नको पाडजो." माझ्या बाबांना यंत्रांविषयी एवढीच काळजी होती.

आमच्या पार्टीचे प्रमुख होते बारापात्रे ओव्हरसियर. उंच, सुकलेल्या अंगाचे, डोक्याला मफलर, कानावर पेन्सिल. वीस वर्षं जंगलात मोजणी केलेला माणूस. स्वतः कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, मोजणीची साखळी ओढणारा मजूर म्हणून लागले आणि पाहत पाहत सगळं शिकले. मला वाटलं होतं, असा माणूस शिकायला निघालेल्या पोरांचा राग करील. उलट होतं. सकाळी चहाच्या वेळी ते मला त्रिकोणमितीची उदाहरणं घालायचे आणि मी सोडवली की उत्तर तपासून घ्यायचे, स्वतःच्या वहीत उतरवायचे. "तू मले हे शिकव, मी तुले जमीन शिकवतो," असा आमचा सौदा होता. मी त्यांच्यावर जीव टाकू लागलो, हे आज लिहायला मला संकोच वाटत नाही.

आमच्याकडे लेव्हलचं यंत्र होतं. तीन पायांवर उभी दुर्बीण. समोर लांबवर आमच्या पार्टीतला गडी सोमाभाऊ गेडाम आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहायचा आणि दुर्बिणीतून मी पट्टीवरचा आकडा वाचायचो. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. सोमाभाऊ डोक्यावर उभा, मागचे मोह, येन, साग आकाशातून खाली लोंबणारे, धान कापणाऱ्या बाया विळे घेऊन उलट्या बांधीत उलट्या वाकलेल्या. पहिले आठ दिवस मला भोवळ यायची. नंतर इतकी सवय झाली की डोळा काढून सरळ जग पाहिलं की तेच चुकल्यासारखं वाटायचं. सोमाभाऊला मी एकदा दुर्बिणीत पाहू दिलं. त्यानं पाहिलं, डोळा काढला, परत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "लोकं पडून काऊन नाई राह्यले जी?"

सकाळी दव असे. पायांना चिकटलेलं कुसळ, कोवळ्या उन्हात वाफ टाकणारी रचलेल्या धानाची पुंजणी, कुठंतरी बैलांच्या पायांखाली धान चुरताना गडी ओरडत असलेला. दुपारी लाखोळीची डाळ, भात, जवसाची चटणी. राहुटीच्या दारात सोमाभाऊ दगडांवर सुके झिंगे भाजायचा आणि त्या वासानं मला माझ्या आईची आठवण यायची. पण हे सगळं मी आज सांगतो आहे. तेव्हा माझं सगळं लक्ष वहीत होतं.

वहीविषयी बारापात्र्यांचा एकच कायदा होता. पार्टीत खोडरबर नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर नवा आकडा लिहायचा, शेजारी सही. "चुकलेला आकडा बी आपलाच असते, शेंडे," ते मला म्हणायचे. "त्याले तोंड दाबून मारायचं नाई." पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या ट्रंका उघडायला लावून खोडरबरं जमा केली होती. माझं एक कंपासपेटीच्या तळाशी राहिलं. मुद्दाम ठेवलं नव्हतं. पण दिसल्यावर दिलंही नाही.

आता दगडाकडे येतो. मोजणी कुठून तरी सुरू करावी लागते. ज्याची उंची पक्की ठरली आहे असा एक दगड रोवायचा, तिथून निघायचं, रानातून, ओढ्यांवरून, टेकड्यांना वळसे घालत मैलोगणती जायचं आणि शेवटी फिरून त्याच दगडावर यायचं. येताना त्या दगडाची उंची तेवढीच निघाली, तर वाटेतली सगळी मोजणी खरी. नाही निघाली, तर कुठंतरी माती खाल्ली. आमचा दगड एका जुन्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, मोहाच्या झाडाजवळ रोवला होता. चौकोनी, जमिनीलगत, वर छिन्नीनं कोरलेला बाण. बारापात्रे म्हणाले, बाणाला रंग दे, लांबून दिसला पाहिजे. खात्याचा लाल रंग होता, शेंदरासारखा. मला काम नेटकं करायची हौस. मी बाणच काय, अख्खा दगड रंगवून काढला.

आणि दुसरं एक केलं. आमच्या घरी हंगामाचं पहिलं जाळं पाण्यात टाकायच्या आधी बाबा काठावरच्या दगडाला पाणी घालायचे, फूल ठेवायचे, हात जोडायचे. मग जाळं. मी शिकलेला पोरगा, पण माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम त्या सकाळी सुरू होत होतं. यंत्र लावायच्या आधी मी पाळीवरचं एक झेंडूचं फूल तोडलं, दगडावर ठेवलं, बाटलीतलं थोडं पाणी घातलं आणि हात जोडले. पाळीवर काही बाया धुणं धूत होत्या. त्यांनी पाहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तीन-साडेतीन महिने आम्ही रानातच. पळस फुलला, शिवरात्र आली. दूरवरून मार्कंड्याला निघालेल्या बैलगाड्या दिसायच्या आणि बाबा नदीवर लोकांना पार नेत असतील या विचारानं मला घरी पळावंसं वाटायचं. पण मोजणीचा मोठा फेरा संपत आला होता. जत्रेनंतर दोन दिवसांनी आम्ही परत त्या तलावाशी पोचलो. बारापात्रे सामान आणायला चामोर्शीला गेले होते. शेवटची नोंद मी घ्यायची होती. ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात कावळे ओरडत होते. पाळीच्या अलीकडे यंत्र लावलं आणि सोमाभाऊला ओरडून सांगितलं, "दगडावर धर!" तो गेला. दुर्बिणीत उलटा सोमाभाऊ, त्याच्याजवळ काहीतरी लाल, आणि पट्टी. आकडा वाचला. चार पूर्णांक अठरा.

झाडाखाली बसून मी हिशेब मांडला. आकडा यायला हवा होता पाच पूर्णांक साठ. आला होता चार अठरा. एक फूट बेचाळीस. फुटाचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांची चूक माफ असते, हे सगळ्यांना माहीत असतं. दीड फुटाच्या आसपासची चूक म्हणजे पोरानं झाडाखाली झोपून आकडे लिहिले, असाच अर्थ होतो. मी परत बेरीज केली. पानं उलटली. सगळं बरोबर. साडेतीन महिने बरोबर, आणि शेवटी एक फूट बेचाळीस.

आठ दिवसांनी मोठे साहेब येणार होते. मला नागपूर दिसेनासं झालं. आई दिसू लागली, काही न बोलता भात वाढणारी. मास्तरांची हललेली मान दिसू लागली. मी राहुटीत गेलो आणि कंपासपेटी उघडली.

एका नोंदीचं काम होतं. चार अठरा पुसायचं, पाच साठ लिहायचं. हात थांबला तो लबाडीच्या विचारानंच. अगदी तंतोतंत आलं तर संशय येईल. म्हणून मी पाच एकोणसाठ लिहिलं. एका शंभराव्या भागाची चूक, खरी वाटावी अशी. ही अक्कल मला कुणी शिकवली नव्हती.

संध्याकाळी बारापात्रे आले. वही पाहिली. एका बोटानं शेवटच्या पानावरून खाली खाली आले, शेवटच्या आकड्याशी थांबले आणि म्हणाले, "साडेतीन महिन्याच्या फेऱ्यात एक भाग? शाब्बास." माझ्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली. ती एकच अजून पाठीवर जाणवते, आणि ती मला नको होती.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांच्यापुढे गेलो. उदाहरण घालायच्या आधीच मी म्हणालो, "साहेब, तो आकडा माझा नाही. मी पुसला."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "किती होता?"

"चार अठरा."

"मले काल संध्याकाळीच समजलं," ते म्हणाले. "कागद तिथी पातळ झाला हाये. उजेडात धरला का आरपार दिसते. म्हटलं, पाहू, पोरगा सकाळपर्यंत येते का." मग थोडं थांबून म्हणाले, "नसता आला तं मी काय केलं असतं, मले माहीत नाई."

त्यांनी मला वही समोर ठेवायला लावली. पाच एकोणसाठवर आडवी रेघ. वर चार अठरा. शेजारी सही, तारीख, आणि एक वाक्य: मूळ नोंद खोडरबराने पुसली होती. ते वाक्य लिहिताना माझे कान तापले होते. मी विचारलं, "मोठ्या साहेबांना हे दिसेल?"

"दिसनच. ते आंधळे नाईत."

"मग शिष्यवृत्ती?"

त्यांनी वही मिटली, मफलर बांधला आणि विचारलं, "काल दगडाजवळ गेला होतास?"

"नाही. सोमाभाऊ गेला होता. मी यंत्राजवळून…"

"चल मंग."

आम्ही तिघं पाळीवरून निघालो. मोहाच्या झाडाजवळ येईपर्यंत मला काही दिसलं नाही. मग दिसलं. आमचा दगड जमिनीत नव्हता. मातीचा सुरेख लिंपलेला ओटा होता, त्यावर दगड, माझ्या रंगावर खऱ्या शेंदराचे जाड थर, नारळाच्या करवंट्या, उदबत्तीची काडी, वर मोहाच्या फांदीला बांधलेलं लाल फडकं. शेंदराखाली खात्याचा बाण अजूनही ओळखू येत होता.

मी सोमाभाऊकडे पाहिलं. "तू सांगितलं का नाहीस?"

"कोणी पुसलं नाई जी. तुमी म्हटलं दगडावर धर, मी धरली. चप्पल काढूनच धरली." थोडा विचार करून त्यानं भर घातली, "देव वर गेला तं चांगलंच झालं ना."

तेवढ्यात पाळीवरून एक म्हातारी आली, कमरेवर मासोळीची टोपली, अंगावर हिरवं लुगडं. सावित्राबाई. तलावातल्या मासोळीचं सगळं तिच्याकडे असायचं. तिनं मला लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. "आले का बापू? पाहा, तुमचा देव कसा चांगला बसवला!"

"माझा देव?"

"तुमीच तं फूल वाह्यलं होतं त्या दिवशी. पाणी टाकलं, हात जोडले. आमी पाह्यलं ना सगळ्या जणी. म्हटलं, एवढा शिकेल पोरगा, साहेबाच्या पार्टीतला, तो हात जोडते म्हणजे देव जागृत हाये. अन् बिचारा खाली चिखलात बसला होता. पाळीचं पाणी झिरपते तिथी. धान घरात आलं, हात मोकळे झाले, मंग सगळ्यांनी मिळून वर घेतला."

मला हसावं की रडावं कळेना. खात्याची साडेतीन महिन्यांची मोजणी एका झेंडूच्या फुलानं फसवली होती आणि ते फूल माझं होतं. मी बारापात्र्यांकडे पाहिलं. आता हे ओरडणार, ओटा पाडायला सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी आधी बूट काढले. मग ओट्याशी उकिडवे बसले आणि फार आदबीनं विचारलं, "किती वर घेतला, बाई?"

"एक हात. देवाले हातभर तरी वर बसवावं लागते."

"कोणाचा हात?"

"माह्याच. मीच मापला." आणि तिनं हात पुढं केला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मासोळीच्या खवल्यांनी चमकणारा.

बारापात्रे उठले, सोमाभाऊच्या हातातून पट्टी घेतली, जमिनीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "बाई, हात ठेवता का यावर जरा?" सावित्राबाई लाजली. पण टोपली खाली ठेवून बसली आणि कोपर पट्टीच्या शून्यावर टेकवून हात पसरला. बारापात्र्यांनी बोटाच्या टोकाशी नख धरलं. "वाच, शेंडे."

मी वाकून वाचला. यंत्रातून नाही, उलटा नाही. एक पूर्णांक एक्केचाळीस.

दगड जेवढा वर जातो तेवढा पट्टीवरचा आकडा कमी येतो, आणि माझा आकडा एक बेचाळीसनं फसला होता.

"एका शंभराव्या भागाचा फरक," मी म्हणालो.

बारापात्रे पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "पाहा, तू लबाडीनं लिहिलेली एक भागाची चूक खरीच निघाली! ती मात्र तुझी हो. बाकी सगळी बाईची." मग ते गंभीर झाले. नुसत्या हातावर भागायचं नव्हतं. कार्तिकात आम्ही तलावाचं पाणी सोडायच्या जुन्या दगडी मोरीच्या उंबऱ्याचीही उंची घेऊन ठेवली होती, आणि मोरी कुणी हलवली नव्हती. तिथं यंत्र लावलं, मोरीपासून ओट्यावरच्या दगडापर्यंत पुन्हा मोजलं. दगड तेवढाच वर गेला होता. साडेतीन महिन्यांतला माझा एकही आकडा चुकला नव्हता. मी पाळीवर बसलो आणि रडलो. सावित्राबाईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि बारापात्र्यांना म्हणाली, "पोराले उपाशी ठेवता काऊन जी?" आणि टोपलीतली दोन मरळ माझ्या पुढ्यात टाकली.

ओटा पाडला नाही. बारापात्र्यांनी वहीत दगडाची जुनी उंची ठेवली, नवी लिहिली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ग्रामस्थांनी श्रद्धेने दगड वर घेतला, वाढ एक हात, सावित्राबाईच्या मापाने, मोरीवरून पडताळली. इतकी साधी, इतकी खरी नोंद मी सरकारी वहीत पुन्हा पाहिली नाही. जाण्याआधी ते सावित्राबाईला म्हणाले, "बाई, आता याले हलवायचा नाई हो. कधीच नाई." ती म्हणाली, "देव एकदा बसला का कोण हलवते, भाऊ?" खात्याला एवढा भक्कम दगड पुढं कधी मिळाला नसेल.

त्या दोघांचं मला आजही कौतुक वाटतं, आणि कुणाचं जास्त हे ठरत नाही. एकजण वीस वर्षं मोजून मोजून शिकला होता की आकडा माणसाकडे जाऊन विचारावा लागतो. दुसरीनं एकदा मापलं आणि ते बरोबर मापलं. मी मधला, पुस्तकातला, दगडापासून तीनशे फुटांवर यंत्राशी उभा होतो. एवढंच अंतर चालायला मी त्या दुपारी कंटाळलो होतो.

पण पानावरचं ते वाक्य तसंच होतं. आठ दिवसांनी मोठे साहेब आले, जीपमधून, धुळीनं माखलेले. राहुटीत खुर्चीवर बसून त्यांनी वही उघडली. शेवटच्या पानाशी आले, खोडलेला आकडा पाहिला, पान उजेडाकडे धरलं. मला विचारलं, "हे तुम्ही पुसलंत?"

"हो."

"आणि हे वाक्य कुणी लिहायला लावलं?"

"बारापात्रेसाहेबांनी. पण आधी मीच सांगितलं होतं."

सावित्राबाईची नोंद वाचताना त्यांच्या मिशा किंचित हलल्या. वही मिटली, चहा घेतला, निघून गेले. जीपची धूळ खाली बसली तरी मी तसाच उभा होतो.

मग मोहफुलं पडू लागली. पहाटे झाडांखाली बाया-पोरं वाकलेली, हवेत गोड, जड वास. मी घरी आलो. बाबांनी विचारलं, "काय म्हणते साहेब?" मी म्हणालो, "काहीच नाही म्हणत." बाबांनी तंबाखू मळली. "मंग जाळं धर." मी जाळं धरलं. तेंदूपत्त्याचे पुडे बांधून झाले, नदी आटली, मृगाचे ढग दिसू लागले. मी डोंगा वल्हवत होतो आणि रोज मनात हिशेब मांडत होतो. एक पुसलेला आकडा, एक खरं सांगितलेलं वाक्य, यातलं जड कोणतं, ते काही जुळत नव्हतं.

काल संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. तिच्याकडे आता असं यंत्र आहे म्हणे जे आकडा स्वतःच दाखवतं, सरळ, डोळाही लावावा लागत नाही. पण आवाज बारीक झाला होता. "आजोबा, आज माझं जुळलं नाही. खूप मोठी चूक आली. माझ्यासोबतचा एकजण म्हणाला, कॉम्प्युटरवर एक आकडा बदल, कुणाला समजणार नाही."

"मग?"

"मग मी साहेबांना सांगून टाकलं. ते काहीच बोलले नाहीत. आता मला ठेवतात की घरी पाठवतात कोण जाणे. आई म्हणतच होती, वर्ष वाया जाईल."

मी म्हटलं, "थांब, फोन ठेवू नको." पलंगाखालची ट्रंक ओढली. गुडघे कुरकुरले. तळाशी पिवळं पाकीट होतं, त्या वर्षी पेरणी सुरू झाली त्या दिवशी पोस्टमन डोंग्यातून आणून देऊन गेला होता ते. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते मला आधी उघडू दिलं नाही, काठावरच्या दगडावर ठेवलं, पाणी शिंपडलं, मग म्हणाले, वाच. मी नदीकाठी उभा राहून वाचलं होतं. काल फोनवर मुक्ताला आधी त्या दगडाची सगळी गोष्ट सांगितली आणि मग ते वाचून दाखवलं. मोठ्या साहेबांचं पत्र, चारच ओळींचं. वर माझं नाव, खाली त्यांची सही, आणि मधे हे:

"उमेदवाराच्या वहीत एक पुसलेला आकडा आहे. तो त्याने स्वतः परत आणून लिहिला आहे. अशा माणसाने मोजलेल्या जमिनीवर मी धरण बांधीन. शिष्यवृत्ती द्यावी."

मग मुक्तानं नाक ओढलं आणि विचारलं, "आजोबा, उद्या मी आधी माझ्या दगडापर्यंत चालत जाऊ का?"

"जा," मी म्हणालो. "आणि आजूबाजूला कुणी सावित्राबाई दिसली तर आधी तिला विचार."